सुप्याहून नगरला, डोळ्यांच्या निमित्ताने

माझा भाऊ विलास आता बरा आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या शाळेतल्या बायकांना मी हा प्रवास तोंडी सांगितला, तेव्हा त्या दर दोन वाक्यांनी 'पुढे काय झालं, सावरला ना?' असं विचारून माझी लय बिघडवत होत्या. सावरला. गेल्याच आठवड्यात त्याचं पत्र आलं आणि त्यात त्याने माझ्या अक्षराला नावं ठेवली आहेत. तेव्हा वाचणाऱ्यांनी निश्चिंत मनाने माझ्याबरोबर यावं, नगर जिल्हा पाहून घ्यावा, आणि विलास जिथे जाऊन आला ती जागाही जरा लांबून पाहावी.

मी चिपळूणजवळच्या एका गावात शिक्षिका आहे. आईवडील लवकर गेले, त्यामुळे विलासला मीच वाढवलं. वाढवलं म्हणजे जेवायला घातलं आणि रागावले. आयटीआय करून तो टर्नर झाला आणि पुणे-नगर रस्त्यावरच्या सुप्याला, नव्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागला. लग्न झालं. बायको मंदा आमच्याच भागातली, कमी बोलणारी, कामाला चोख. सगळं सुरळीत होतं. पावसाळा सरल्यावर मात्र त्याची पत्रं आखूड व्हायला लागली. एकात लिहिलं होतं, 'ताई, मन कशात लागत नाही. सकाळी उठवत नाही.' मी उलट टपाली चार पानं पाठवली. आमचं घर बौद्ध. अंगारे-धुपारे बंद होऊन चाळीस वर्षं होत आली, पण त्यांची जागा आमच्याकडे उपदेशाने घेतली आहे. 'हातपाय धडधाकट असताना लोळत पडायला लाज वाटत नाही का? आपली माणसं कुठून कुठे आली ते जरा आठव,' असं बरंच काही मी लिहिलं आणि पत्र पेटीत टाकून समाधानाने घरी आले. पुढे दोन महिने काहीच उत्तर नाही. मग जानेवारीत मंदाचं कार्ड आलं. 'यांना बरं नाही. कुणाला सांगू नका. तुम्ही या.'

सुपा

घाट, कऱ्हाड, पुणे हे सगळं गाळते. एवढंच सांगते की भावाला आवडते म्हणून मी पिशवीत सुकट घेतली होती, आणि पुण्याहून नगरच्या एसटीत बसल्यावर शिरूरपर्यंत माझ्या शेजारी कुणी टिकलं नाही. एका आजोबांनी खिडकी उघडली, दुसऱ्यांनी कंडक्टरला बोलावलं. कंडक्टरने नाक धरून विचारलं, "बाई, काय मेलंय का पिशवीत?" मी म्हटलं, "मेलंय, पण वाळवून आणलंय." त्यानंतर पिशवी टपावर गेली.

सुप्याला उतरले तर वाऱ्याने पदर डोक्यावरून उडाला. आमच्याकडे नजर टाकावी तर चार हातांवर झाड आडवं येतं. इथे माळ, त्यापलीकडे माळ, मधे पत्र्याच्या शेड आणि त्यांवर आभाळ. थंडी अशी कोरडी की ओठ दुपारपर्यंत फुटले. वसाहतीच्या मागे दोन खोल्यांचं घर होतं. दार मंदाने उघडलं. आत विलास भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, आणि घरात, सावलीत, डोळ्यांवर काळा गॉगल.

"डोळ्यांना काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," विलास म्हणाला.

मंदाने मला मोरीपाशी नेऊन सांगितलं. दीड महिना तो कामावर गेला नव्हता. जेवत नव्हता, पहाटे तीनला जागा होऊन बसत होता, आणि दिवसभर डोळ्यांतून पाणी. कारखान्यातली माणसं विचारपूस करायला आली तेव्हा तिला काय सांगावं कळेना. नवरा रडतो असं सांगायचं कसं? डोळे लाल तर होतेच. म्हणून तिने सांगून टाकलं, उजेड सहन होत नाही, डोळ्यांचा आजार आहे. टर्नरचे डोळे गेले तर लेथवर उभं राहता येत नाही, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. गॉगल तिनेच आणला होता.

"आणि परवा म्हणाले, मी नसलो तर तू ताईंकडे जाऊन राहा," ती म्हणाली. हे सांगताना तिचा हात भांडं घासतच होता.

मी चार पानांचा उपदेश तोंडपाठ करून आले होते. त्यातलं एक वाक्य मला आठवेना. 

आमच्या कोकणात आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस अंगणातूनच विचारतो, बरं आहे का, आणि बाग शिंपण्याची घाई आहे म्हणून जातो. नगरकडची माणसं मांडी घालून बसतात आणि औषध करूनच उठतात. मी गेले त्याच संध्याकाळी विलासचा जोडीदार गोरख आला. शेजारच्या लेथवरचा, राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवराचा, शेतकऱ्याचा मुलगा. आवाज एवढा मोठा की कारखान्याच्या भोंग्याला सुट्टी द्यावी. त्याने खिशातून मधाची बाटली काढली, विलासचं डोकं मागे केलं आणि दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले.

"आमच्या रानातला मध हाय, ताई. आगीवानी झोंबतो, पन घान समदी भाईर काढतो."

त्याच्या आधी कुणी गुलाबपाणी घातलं होतं, कुणी कोथिंबिरीचा रस, एकाने गाईचं तूप. विलास सगळं निमूट घालून घेत होता. डोळे आता खरोखरच सुजले होते. खोटं बोललं की ते खरं करायला गाव धावून येतं, त्यातला हा प्रकार.

चौथ्या दिवशी गोरख पुन्हा आला तो बातमी घेऊन. "आमच्या गावाला डोळ्याचं शिबिर हाय. आईचा मोतीबिंदू काढायचाय. विलासरावाचं नाव मी लावून टाकलं. उद्या पाटंचं टेम्पो घेऊन येतो. तुमी बी चला."

मंदा माझ्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे. नाही म्हणायला कारण काय द्यायचं? डोळ्यांचा आजार आहे आणि फुकट डॉक्टर येतोय, तरी जायचं नाही? शेवटी विलासच म्हणाला, "जाऊ." नाही म्हणायला लागतो तेवढा जोर त्याच्यात नव्हता.

देवळाली प्रवरा

टेम्पोत मागे चटई टाकून आम्ही तिघं बसलो. नगर ओलांडलं आणि राहुरीकडे वळल्यावर प्रदेशच बदलला. सुप्याचा उघडा माळ पाहून मी नगर जिल्हा म्हणजे दगड असं ठरवून टाकलं होतं. इथे पाटाचं पाणी, दोन्हीकडे उंच ऊस, तोडणीचे फड आणि उसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग. गोरखने टेम्पो थांबवून एका गाडीवाल्याकडून ऊस मागून घेतला. मी आणि मंदाने खाल्ला. विलासने कांडं हातात धरलं आणि शिबिरापर्यंत तसंच धरून ठेवलं.

शिबिर एका शाळेत होतं. माझा पेशाच तो, म्हणून आधी भिंतीवरचे फळे पाहिले. अक्षर बरं होतं. वर्गांतले बाक बाहेर काढले होते आणि आवारात दोनशेक म्हातारी माणसं रांगेत बसली होती. त्यांत पस्तिशीचा विलास. गोरखची आई पुढेच होती. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या तरन्या वयात मोतीबिंदू? भ्यायचं न्हाई लेकरा, मला बी भ्या वाटतंय." एक कार्यकर्ता रांगेतून भराभर चिकटपट्ट्या लावत येत होता. ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्या भुवईवर पट्टी. त्याने विलासला विचारलं, कुठला डोळा? विलास काही बोलला नाही. कार्यकर्त्याने दोन्हीकडे लावल्या.

मी घाबरून उठले. आता हे लोक याचे चांगले डोळे कापणार की काय! पण तेवढ्यात आमचा नंबर लागला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सकाळपासून वाकून वाकून पाठ धरलेली दिसत होती. त्यांनी गॉगल काढला, बॅटरी मारली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"डोळ्यांत काय घातलंत?"

"मध," मी म्हणाले. "आणि तूप. आणि कोथिंबीर."

"फोडणीच तेवढी राहिली," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ पाहत राहिल्या. बॅटरी बंद केली तरी विलासच्या गालांवरून पाणी वाहतच होतं. त्यांनी गोरखला पाणी आणायला पिटाळलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "डोळ्यांना काही झालेलं नाही. तुम्ही रडताय. कधीपासून?"

दीड महिन्यात एवढं साधं वाक्य घरात कुणी उच्चारलं नव्हतं. आम्ही पाणी म्हणत होतो, लाली म्हणत होतो, त्रास म्हणत होतो. विलासने मान खाली घातली आणि म्हणाला, "दिवाळीपासून."

बाईंनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं. मग एका कागदावर नगरच्या एका डॉक्टरांचं नाव लिहून माझ्या हातात दिलं. "हे मनाचे डॉक्टर आहेत. उद्याच जा. परवावर टाकू नका." भुवयांवरच्या पट्ट्या त्यांनी स्वतः काढल्या.

बाहेर गोरख तांब्या घेऊन उभा होता. "काय म्हनली?"

"नगरच्या मोठ्या डॉक्टरकडे जायला सांगितलंय."

"डोळ्याच्याच ना?"

"हो," मी म्हणाले. मुलांना खरं बोला म्हणून पंचवीस वर्षं शिकवणारी मी.

गोरखला आईपाशी थांबायचं होतं, म्हणून त्या रात्री आम्ही त्याच्याच घरी राहिलो. आमच्या माणसांना एक सवय असते. परक्या घरी गेलं की पाण्याचा तांब्या कसा पुढे येतो, ते डोळे आपोआप बघतात. मीही पाहिलं. गोरखच्या बायकोने त्यांच्या हंड्यातलं पाणी दिलं आणि आम्हाला चुलीपुढे, त्यांच्या ताटांच्या ओळीतच ताटं मांडली. बाजरीची भाकरी, येसर आमटी आणि हुलग्याचे शेंगोळे. मी भातखाऊ बाई, भाकरी कुस्करायची कशी ते मला गोरखच्या बायकोने दाखवलं. आमटी पिताना नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तर गोरख म्हणाला, "ताई, तुमचं बी नाव लावू का शिबिरात?" मी कितीतरी दिवसांनी हसले. विलासने अर्धी भाकरी खाल्ली.

नगर

नगर शहराला तिथली माणसं नुसतं 'नगर' म्हणतात, जणू जगात दुसरं नाहीच. स्टँडवरून रिक्षा केली. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तर तो आरशातून आम्हा तिघांना पाहायला लागला, यातला कोण ते ठरवत असावा. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने आरसा फिरवला.

दवाखान्याची पाटी रस्त्यावरून दिसेल एवढी मोठी होती. आत बाकावर सात-आठ माणसं. बोलण्यावरून असं वाटत होतं की प्रत्येक जण दुसऱ्या कुणाला तरी घेऊन आला आहे आणि आजारी कुणीच नाही. एका बाईने मला विचारलं, "तुमचं काय?" मी म्हटलं, "भाऊ आहे." ती म्हणाली, "माझी जाऊ," आणि जाऊ कुठे दिसेना.

डॉक्टर साठीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी सगळं विचारलं आणि मग आमच्यादेखतच विलासला म्हणाले, "जीव नकोसा होतो का? संपवून टाकावं असं मनात येतं?"

 असं विचारलं की ते माणसाच्या डोक्यात शिरतं, अशी माझी समजूत होती. विलास म्हणाला, "येतं. रोज येतं." आणि नंतर त्याने एक मोठा श्वास सोडला. मंदाने त्याचं मनगट धरलं. माझ्या भावाच्या मनात रोज काय येत होतं ते मला त्या खुर्चीवर कळलं, आणि त्याच दिवसांत मी त्याला काय लिहिलं होतं तेही आठवलं.

डॉक्टर म्हणाले, "विचारल्याने वाढत नाही. सांगितल्याने थोडं हलकं होतं." मग आम्हाला समजावलं. हा आजार आहे, उदासी म्हणतात त्याला, आणि तो आळस नाही. कावीळ झालेल्याला 'मन घट्ट कर' म्हणून पिवळेपणा जातो का? गोळ्या रोज घ्यायच्या. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, आधी तोंड कोरडं पडेल, सुस्ती येईल. गुण आला म्हणून बंद करायच्या नाहीत, किती महिने घ्यायच्या ते ते सांगतील. गोळ्या मंदाने सांभाळायच्या. सध्या त्याला एकटं ठेवायचं नाही. झेपेल तेवढं लहानसं काम द्यायचं आणि नाही झालं तर बोलायचं नाही. दर आठवड्याला दाखवायचं. शेवटी माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही शिक्षिका ना? उपदेश जरा जपून."

मी कपाळावर लिहून आले होते की काय कोण जाणे.

पुन्हा सुपा

आठ दिवसांची रजा घेऊन गेले होते, ती तारेने वाढवली. पहिले दिवस वाईट होते. विलास दुपारी झोपायचा, जीभ कोरडी पडते म्हणून चिडायचा, आणि मला वाटायचं की फसलो आपण. मी त्याला लसूण सोलायला द्यायचे. एक दिवस त्याने तीन पाकळ्या सोलल्या, एक दिवस एकही नाही. मी जीभ चावून गप्प बसले. माझ्या आयुष्यात एवढं गप्प मी कधी बसले नाही. मंदाला माझ्या गप्प बसण्याचीच जास्त काळजी वाटायला लागली.

एका दुपारी त्याच्या कपड्यांच्या घड्या घालताना माझी ती चार पानं सापडली. घडीवर कागद फाटायला आला होता.

"हे का ठेवलंस?"

"रोज वाचायचो," तो म्हणाला. "तू लिहिलंस ते सगळं पटायचं, ताई. पटायचं म्हणून उठायला बघायचो. उठता यायचं नाही. मग वाटायचं, आपण कशालाच लायक नाही."

"माझं चुकलं, विलास," मी म्हणाले. "मला कळलं नव्हतं. मी तुला आळशी म्हणाले आणि तू आजारी होतास." असं मी त्याला उभ्या जन्मात कधी म्हटलं नव्हतं. पत्र मी चुलीत घातलं. तो थोडा वेळ माझ्या शेजारी बसून राहिला.

गोळ्या सुरू झाल्याच्या सोळाव्या दिवशी जेवताना विलास म्हणाला, "आमटीत मीठ कमी आहे." मंदाचा घास हातातच राहिला. कित्येक आठवडे त्याने मीठ जास्त की कमी, आमटी की पाणी, काही म्हटलं नव्हतं. मी मीठ वाढलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भिंतीला टेकून बसला, पण तिसऱ्या दिवशी स्वतःहून दाढी केली. मग मात्र माझ्या अंगातली मास्तरीण जागी झाली. मी म्हटलं, "आता छान आहेस, गोळ्या पुरे झाल्या की." तर मंदा, जी माझ्यापुढे कधी मान वर करत नव्हती, ती म्हणाली, "ताई, डॉक्टरांनी सांगितलंय, बंद करायच्या नाहीत." नगरच्या वर्गात लक्ष कुणाचं होतं ते दिसलंच.

माझ्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गोरख आला. आईचा डोळा छान झाला होता, ती आता सुनेने भाकरी करपवलेली लांबून बघते, असं त्याने सांगितलं. मग मांडी घालून विलासला म्हणाला, "तुजं डोळं कसं हाय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. विलासने हाताने मला थांबवलं.

"गोरख, डोळ्यांना काही नव्हतं. मला उदासीचा आजार झालाय. मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. जगावंसं वाटत नव्हतं. आता वाटतंय."

 मंदा चहा गाळायची थांबली. माझ्या मनात आलं, झालं, उद्याच्या भोंग्याआधी ही बातमी सगळ्या वसाहतीत जाणार. गोरखने चहा बशीत ओतला, प्यायला, कप खाली ठेवला. तरी उठेना.

"त्यो डाक्टर," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता, "त्यो आमच्यासारख्या मानसालाबी बघतो का?"

"तुला काय झालंय?" विलासने विचारलं.

"दोन वर्सं झाली, झोप न्हाई. म्हनून तर समद्यांच्या रातपाळ्या मी घेतो. हसतो, बोलतो, पन आतून नुसतं भ्या वाटतंय. घरी कुनाला सांगितलं न्हाई. आईला काय सांगू?"

 उपदेशाची एवढी चांगली संधी माझ्यासमोर होती, आणि मी ती जाऊ दिली. विलास म्हणाला, "उद्या माझी तारीख आहे. आपण बरोबर जाऊ."

"मला आत जायला भ्या वाटंल."

"मी असेन ना. मला ठाऊक आहे काय विचारतात ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे सुप्याच्या फाट्यावर उभे राहिलो. मला पुण्याकडची गाडी धरायची होती, त्या दोघांना नगरकडची. विलास मला गाडीत बसवून देईल, खिडकीतून काही सांगेल, असं मी मनाशी धरून आले होते. पण नगरची एसटी आधी आली, गच्च भरलेली. गोरखचा पाय पायरीवर घुटमळला. विलासने मागून त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याला वर चढवलं आणि स्वतः दारात लोंबकळत चढला. गाडी सुटली. गडबडीत तो माझ्याकडे वळून पाहायचं विसरला.

मंदा म्हणाली, "ताई, तुमचा निरोपसुद्धा घेतला नाही त्यांनी."

"नाही घेतला," मी म्हटलं. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.